शेंदराखालची शापवाणी

ठाणे ही उत्तर कोकणच्या शिलाहारांची राजधानी. या परिसरात शेताच्या बांधावर किंवा देवळाच्या आवारात शेंदूर फासलेली एखादी शिळा दिसते व ग्रामदेवता समजून तिची पूजा होते. पुष्कळदा तो असतो गधेगाळ, म्हणजे दान दिलेल्या जमिनीवर रोवलेला राजशासनाचा दगड. वर चंद्र-सूर्य, मध्ये लेख आणि तळाशी गाढव व स्त्री. चंद्र-सूर्य असेतो दान अबाधित राहील. जो ते मोडील त्याच्या आईची अशी विटंबना होईल, हा त्याचा अर्थ. अपराध पुरुषाचा, शिक्षा मात्र त्याच्या आईला! निरक्षरालाही धाक वाटावा म्हणून ही धमकी चित्रातून दिलेली.

कल्याणनजीक लोनाडजवळच्या चौधरपाडा येथे शिलाहार राजा केशिदेवाचा शके ११६१ चा लेख आहे. अपरादित्याचा शके ११०८ चा परळ येथील लेख मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे. त्यातील दान संस्कृतात, तर शाप मराठीत आहे. शिवी लोकांना समजायला हवी होती.

संग्रहालयात दगड सुरक्षित राहतो. पण जागेवरून हलला की कोणती जमीन दान दिली, याची साक्ष पुसट होते. इमारती आणि गोदामांसाठी बांध सपाट होत असलेल्या पट्ट्यात हा धोका मोठा आहे. असा दगड पाहणाऱ्याने छायाचित्र घ्यावे, नेमकी जागा टिपावी. अक्षरे उठून दिसावीत म्हणून तेल, खडू वा पावडर मात्र लावू नये.