वाटेकरी तेच, वाटे वेगळे

सोलापुरात हैदराबाद रस्त्याला 'विडी घरकुल' नावाची वसाहत आहे. रिक्षावाल्याला एवढंच सांगितलं तरी पुरतं. सरकारी फायलीतला 'घरकुल' हा शब्द इथे पत्त्यात जाऊन बसला आहे. विडी वळणाऱ्या बाईचं स्वतःचं घर असू शकतं, ही गोष्ट या शहराला नवी नाही. ते घर उभं राहतं कुणाच्या पैशावर, हे मात्र सोलापुरातही फार थोड्यांना नीट सांगता येतं.

आधी त्या बाईचा दिवस पाहू. पान, तंबाखू आणि सूत कारखान्यातून घरी आणायचं. पानं भिजवायची, पत्र्याच्या मापाने कातरायची. मग मांडीवर सूप घेऊन उजेडाच्या जागी, म्हणजे बहुधा उंबऱ्यात, बसायचं आणि वळायला लागायचं. मजुरी हजारावर. दिवसाला हजारभर विड्या हे चांगल्या सरावलेल्या हाताचं काम, आणि मोजून घेताना खराब म्हणून छाटलेल्या विड्या हिशेबात धरत नाहीत. म्हणजे घर हाच तिचा कारखाना. पण ती बँकेत गेली की पहिला प्रश्न येतो, पगाराची स्लिप आहे का? दुसरा, तारण काय देणार? राहती खोली भाड्याची, तारण कुठून आणणार?

तिच्याकडे एक कागद मात्र असतो, विडी कामगाराचं ओळखपत्र. १९७६ साली संसदेने विडी कामगार कल्याण निधीचा आणि त्यासाठीच्या उपकराचा कायदा केला. कारखान्यातून निघणाऱ्या विड्यांवर उपकर बसायचा आणि त्या पैशातून दवाखाने, मुलांच्या शिष्यवृत्त्या आणि घरांना अनुदान मिळायचं. नंतरच्या काळात हा उपकर हजारी ५ रुपये होता. उदाहरणादाखल हिशेब करा. रोज हजार विड्या, वर्षाचे तीनशे दिवस, म्हणजे एका बाईच्या हातून वर्षाला १,५०० रुपये निधीत जमा. अनुदानाला लोक सरकारी मेहेरबानी म्हणतात तेव्हा मला हा आकडा आठवतो. २०१७ च्या जुलैत जीएसटी आला आणि हा उपकर बंद झाला. धंद्यातून थेट निधीत येणारी धार तिथे आटली.

आता कुंभारीला जाऊ. शहराबाहेर, अक्कलकोट रस्त्यावर, दक्षिण सोलापूर तालुक्यातलं हे गाव. इथे गोदूताई परुळेकरांच्या नावाने महिला विडी कामगारांची सहकारी गृहनिर्माण संस्था उभी राहिली आणि तिने एका दमात १०,००० घरांची वसाहत केली. २००६ साली तेव्हाचे पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते घरं दिली गेली. सगळ्यामागे होते सिटू या कामगार संघटनेचे नेते आणि माजी आमदार नरसय्या आडम. सोलापूर त्यांना आडम मास्तर म्हणतं.

या घराचं गणित पाटीवर मांडता येईल इतकं सोपं होतं. किंमत ६०,००० रुपये. त्यात केंद्राचे २०,०००, राज्याचे २०,००० आणि बाईचे स्वतःचे २०,०००. तीन वाटेकरी, तीन सारखे वाटे. बाईचा वाटा वरवर किरकोळ वाटतो, पण तो दहा हजारांनी गुणा, २० कोटी होतात. हे २० कोटी एखाद्या बिल्डरकडून आले नव्हते, थोडेथोडे करून घराघरांतून गोळा झाले होते. संघटनेचं खरं काम ते हेच. मोर्चा काढणं त्यामानाने सोपं. दहा हजार नावांची यादी करायची, प्रत्येकीचं ओळखपत्र तपासायचं, पैसे घ्यायचे, पावती द्यायची आणि घर मिळेपर्यंत वर्षानुवर्षं तिचा विश्वास टिकवायचा, हे कुठलंही सरकारी खातं करत नाही आणि कुठलीही बँक करायला धजत नाही.

त्याच कुंभारीत पुढे रे नगर झालं, तिप्पट मोठं. ३०,००० घरं. इथे फक्त विडी कामगार नाहीत. यंत्रमागावरचे कामगार, कचरा वेचणारे, रिक्षाचालक, फेरीवाले असे सगळे आहेत. ९ जानेवारी २०१९ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदींनी पायाभरणी केली आणि १९ जानेवारी २०२४ रोजी पहिल्या १५,००० घरांचं वाटप केलं. (पायाभरणीनंतर मोदींचं कौतुक केलं म्हणून आडम मास्तरांना त्यांच्याच पक्षाने, माकपने, केंद्रीय समितीतून तीन महिने निलंबित केलं होतं. भागीदारीत कुणाबरोबर व्यासपीठावर बसावं लागेल हे आधी ठरवता येत नाही, आणि त्याचीही किंमत कुणीतरी मोजतं.)

रे नगर बसतं पंतप्रधान आवास योजनेच्या 'भागीदारीतून परवडणारी घरं' या प्रकारात. प्रकल्पात किमान २५० घरं असावी लागत आणि त्यातली किमान ३५ टक्के आर्थिक दुर्बल गटासाठी. या गटात येण्यासाठी कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ३ लाखांच्या आत हवं आणि देशात कुठेही कुणाच्या नावे पक्कं घर नको. घर कुटुंबातल्या बाईच्या नावे किंवा नवरा-बायको दोघांच्या नावे. केंद्र घरामागे दीड लाख देतं, महाराष्ट्र सरकार एक लाख. म्हणजे अडीच लाख गुणिले तीस हजार, ७५० कोटी. पायाभरणीच्या वेळी जाहीर झालेला मदतीचा आकडाही हाच होता. प्रकल्पाचा एकूण खर्च १,८११ कोटींच्या वर.

आता हे दोन हिशेब शेजारीशेजारी ठेवा. गोदूताई वसाहतीत सरकारांचा वाटा तीनात दोन होता. रे नगरात तो पाचात दोनवर आला. घराची किंमत सहा लाखांच्या घरात, त्यातून अडीच लाख वजा केले की साडेतीन लाख उरतात. हे कामगाराने भरायचे, जमेल तेवढे रोख आणि बाकीचे कर्ज काढून. वाटेकरी तेच राहिले, वाटे मात्र उलटले. साडेतीन लाखांवर नऊ टक्क्यांनी वीस वर्षांचं कर्ज धरलं तर महिन्याचा हप्ता सव्वातीन हजारांच्या आत बसतो. खोलीचं भाडं वाचतं त्यातून तो भागेल, असं कागदावर दिसतं. पण यंत्रमाग आठवडाभर बंद पडला तरी हप्ता काही बंद पडत नाही.

आणि अनुदानाचे पैसे एकरकमी येत नाहीत. केंद्राचा वाटा ४०, ४० आणि २० टक्के अशा तीन टप्प्यांत सुटतो. दीड लाखाचे म्हणजे ६०,०००, मग ६०,०००, मग ३०,०००. (पहिला हप्ताच गोदूताई वसाहतीतल्या अख्ख्या घराएवढा!) दुसरा हप्ता मिळायला पहिल्यातले ७० टक्के खर्च झालेले दाखवावे लागतात आणि राज्याचा पैसाही त्या प्रमाणात लागलेला असावा लागतो. प्रगतीचे फोटो ठिकाणाच्या नोंदीसह चढवावे लागतात. शेवटचे २० टक्के काम पूर्ण झाल्यावर.

यात गैर काही नाही, सरकारी पैसा असाच जपून सोडायला हवा. पण सिमेंटवाला फोटोची वाट पाहत नाही. पाया भरून झाला आणि हप्ता यायला चार महिने लागले, तर ते चार महिने कुणीतरी अंगावर घ्यावे लागतात. ठेकेदाराने घेतले तर तो व्याज आधीच दरात लावतो. संस्थेने कर्ज काढून घेतले तर व्याज सभासदांवर येतं. नाहीतर लाभार्थीचा वाटा आधी घेऊन काम चालू ठेवायचं. तिन्ही वाटांनी बोजा शेवटी एकाच दारात जाऊन थांबतो.

कारण दीड लाख आणि एक लाख हे आकडे ठरलेले आहेत. सळई महागली म्हणून ते वाढत नाहीत. रे नगरात पायाभरणीपासून पहिल्या चाव्यांपर्यंत पाच वर्षं गेली, मध्ये करोना येऊन गेला. अशा प्रकल्पात उशीर झाला की वाढलेला खर्च ज्याचा वाटा मोकळा आहे त्याच्याकडे सरकतो, आणि मोकळा वाटा फक्त कामगाराचा असतो.

दुसरा लपलेला खर्च घराबाहेर असतो. अनुदान घरामागे मिळतं. नळ, गटार, रस्ता, शाळा, बस यांचं काय? माळरानावर तीस हजार घरं म्हणजे पाच माणसांच्या हिशेबाने दीड लाख वस्तीचं नवं शहर. तिथे पाणी आणायचं ते वेगळ्या योजनेतून, वेगळ्या खात्याकडून, वेगळ्या मंजुरीने. विडी वळणारीला पान-तंबाखू आणायला आणि माल द्यायला कारखान्यात जावंच लागतं. बसचं भाडं तिच्या घराच्या किमतीत कुणी धरलेलं नसतं.

मग हे करू नये का? करावंच. साडेतीन लाखांत पक्क्या भिंतींचं स्वतःचं घर एकट्या कामगाराला खुल्या बाजारात मिळणं अशक्य आहे.

तुमच्या गावात एखादी संघटना असं काही मनावर घेत असेल, तर पहिल्या बैठकीत अनुदान किती हे विचारत बसू नका, ते शासन निर्णयात छापलेलं असतं. विचारा की दोन हप्त्यांच्या मधल्या महिन्यांचं व्याज कोण भरणार, भाव वाढले तर फरक कुणाच्या नावावर जाणार आणि पाण्याची मंजुरी कुणाच्या टेबलावर आहे. या तिन्हींची उत्तरं इतिवृत्तात लिहून घ्या आणि मगच पहिला हप्ता भरा.