आगीच्या जागी उभा राहणारा साहेब

अंथुर्ण्यात दुकान, गिरणी नाहीतर वर्कशॉप टाकताय? मग सुनील नेसरीकर हे नाव लक्षात ठेवा. मुंबई अग्निशमन दलाचे ते प्रमुख. ९ मे २०१५ ला काळबादेवीच्या गोकुळ निवासला आग लागली, तेव्हा साहेब जागेवर होते. इमारत कोसळली. संजय राणे आणि महेंद्र देसाई हे अधिकारी त्यातच गेले. भाजलेले सुधीर अमीन काही दिवसांनी गेले आणि २४ मे रोजी नेसरीकरही.

यातून आपण काय घ्यायचं? जोखमीच्या जागी मालकाने स्वतः उभं राहायचं, हे एक. दुसरं त्याहून मोठं: आपली आग विझवायला कुणीतरी जीव धोक्यात घालून येतं, म्हणून ती लागू न देणं हे आपलं काम. महाराष्ट्राचा २००६ चा आग प्रतिबंधक कायदाही जबाबदारी मालक आणि भोगवटादारावरच टाकतो.

बारामती-इंदापूरहून बंब येईपर्यंतची पहिली मिनिटं तुमचीच असतात. म्हणून आज शटर ओढण्याआधी तीन गोष्टी बघा: अग्निशामक सिलिंडरचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे का? त्याची पिन कशी काढायची हे प्रत्येक कामगाराला येतं का? बाहेर पडायची वाट मालाने अडलेली नाही ना?