उत्तर चित्रातच दडलेले

संगणकाला मांजर ओळखायला कसे शिकवावे? सरळ मार्ग म्हणजे मांजरांची हजारो छायाचित्रे दाखवायची आणि प्रत्येक वेळी 'हे मांजर' असे सांगायचे. २००९ साली जाहीर झालेल्या 'इमेजनेट' या संग्रहात पुढे १ कोटी ४० लाखांहून अधिक चित्रे जमली. त्यांना नावे दिली ती इंटरनेटवरून काम करणाऱ्या हजारो माणसांनी. मांजराचे नाव कोणीही सांगेल. पण क्ष-किरण चित्रातील दोष सांगायला तज्ज्ञ डॉक्टरच हवा. एवढे डॉक्टर आणि एवढा वेळ आणायचा कोठून?

यावर एक युक्ती आहे. प्रश्न असा घालायचा, की त्याचे उत्तर चित्रातच असेल. या पद्धतीला आपण 'स्वयं-पर्यवेक्षित अध्ययन' म्हणू.

२०१५ साली अमेरिकेत कार्ल डोअर्श या पीएच.डी.च्या विद्यार्थ्याने अभिनव गुप्ता व अलेक्सी एफ्रोस यांच्यासह असाच एक प्रयोग प्रसिद्ध केला. चित्रातून एक चौकोनी तुकडा घ्यायचा आणि त्याच्या भोवतालच्या आठ जागांपैकी एका जागेचा दुसरा तुकडा घ्यायचा. दुसरा तुकडा पहिल्याच्या कोणत्या बाजूचा, एवढेच संगणकाने सांगायचे. तुकडे संगणकानेच कापलेले असल्याने बरोबर उत्तर आधीच ठाऊक असते. एक तुकडा डोळ्याचा आणि दुसरा कानाचा असेल, तर मांजराच्या चेहऱ्याची ठेवण समजल्याशिवाय उत्तर येणार नाही, अशी अपेक्षा होती.

पण संगणकाने पळवाट काढली! भिंग सर्व रंगांचे किरण अगदी एकाच जागी आणत नाही. त्यामुळे छायाचित्रात हिरवा रंग तांबड्या-निळ्याच्या तुलनेत किंचित सरकलेला असतो आणि हा फरक मध्यापासून कडेकडे बदलत जातो. त्यावरून तुकडा चित्राच्या कोणत्या भागातला हे संगणकाने ताडले. मांजर ओळखण्याची गरजच उरली नाही! मग संशोधकांनी तुकड्यांतील रंगांची माहिती कमी करून ही वाट बंद केली.

२०२१ साली काइमिंग हे आणि सहकाऱ्यांनी चित्राचा तब्बल ७५ टक्के भाग झाकून तो भरायला लावला. थोडेच झाकले, तर शेजारच्या रंगांवरून काम भागते. बरेच झाकले, तर वस्तू समजावी लागते.

मग पीएच.डी. करू पाहणाऱ्यांसाठी काय उरले? पुष्कळ! 'चित्र किती अंशांनी फिरवले आहे?' हा प्रश्न मांजराच्या चित्राला चालतो. उपग्रहाने वरून टिपलेल्या शेतांना वर-खाली असे काही नसतेच. आरशातले मांजर मांजरच राहते. पण छातीचे क्ष-किरण चित्र उलटले, तर हृदय उजवीकडे जाते. म्हणजे प्रत्येक क्षेत्राला त्याचे योग्य प्रश्न शोधावे लागतात. अतिप्रचंड संगणक मोजक्या कंपन्यांकडेच असले, तरी चांगला प्रश्न सुचणे आणि तो लहान प्रमाणावर तपासणे विद्यापीठातही शक्य आहे. आपल्याकडे आयआयटी मुंबई, ट्रिपल आयटी हैदराबाद अशा संस्थांत संगणकीय दृष्टीवर संशोधन चालते. त्यासाठी सारणी, संभाव्यता आणि संगणक-आज्ञावली यांचा पाया पक्का हवा.

पाठांतराने सुटणारा प्रश्न आणि समजल्याशिवाय न सुटणारा प्रश्न यांतील फरक शिक्षकांना आम्ही काय सांगावा? या संशोधनाचे मर्म नेमके तेच आहे.