आजीचे कुंकू आणि संगणकाची कोरणी



फोटो नेऊन दिला की लाकडात चेहरा कोरून मिळतो, अशी सोय आता आपल्या शहरात झाली आहे. गृहप्रवेश, साठीशांत, निवृत्तीचा समारंभ अशा प्रसंगी ही भेट देण्याची पद्धतही पडू लागली आहे. "फोटो संगणकात घातला की यंत्र आपोआप कोरते," असे बहुतेकांना वाटते. मलाही तसेच वाटत होते. म्हणून आधी माझ्या फजितीची हकीकत सांगतो आणि मग तिच्यामागचे शास्त्र.

आमच्या घरी आजीचा एकच फोटो आहे. कृष्णधवल, कोपरे दुमडलेला. नऊवारी लुगडे, डोक्यावरून पदर, कपाळावर ठसठशीत कुंकू. वडिलांच्या पंचाहत्तरीला मी तो एका कारखान्यात नेऊन दिला आणि सागवानी फळीवर कोरून आणला. समारंभात फळीवरचा कागद काढला आणि ती आत्याच्या हाती दिली. आत्याला आता नीट दिसत नाही. तिने चेहऱ्यावरून बोटे फिरवली. कपाळाच्या मध्यावर बोट थांबले. "अरे, हे काय? आईच्या कपाळाला भोक?"

कुंकवाच्या जागी खरोखरच खड्डा होता. भुवयांच्या जागी दोन चर होते. केस इतके खोल गेले होते की चेहरा मुखवट्यासारखा सुटा दिसत होता आणि पांढरा पदर नाकाच्याही पुढे आला होता. ती फळी भिंतीवर लागली नाही. कारखान्यातल्या माणसाची त्यात चूक नव्हती. मी मागितले तेच त्याने दिले होते. काय मागायचे, हे मला कळले नव्हते.

यंत्र काय करते?

या यंत्राला सी.एन.सी. राउटर म्हणतात. सी.एन.सी. म्हणजे कॉम्प्युटर न्यूमरिकल कंट्रोल, अर्थात आकड्यांच्या आधारे संगणकाने चालवलेले यंत्र. आकड्यांवर चालणारे पहिले यंत्र १९५२ साली अमेरिकेतील एम.आय.टी. या संस्थेत दाखवण्यात आले. तेव्हा आकडे छिद्रे पाडलेल्या कागदी पट्टीवरून दिले जात, आज ते संगणकातून जातात. तत्त्व मात्र तेच आहे.

सपाट टेबलावर फळी घट्ट बसवलेली असते. तिच्यावर मिनिटाला अठरा-वीस हजार फेरे घेणारा कटर असतो. तो डावी-उजवीकडे, पुढे-मागे आणि वर-खाली अशा तीन दिशांनी सरकतो. संगणक त्याला एकामागून एक स्थाने सांगतो : एक्स १०, वाय २०, झेड उणे ३. म्हणजे डावीकडून १० मिलिमीटर, पुढून २० मिलिमीटर आणि फळीच्या पृष्ठभागाखाली ३ मिलिमीटर. भूमितीच्या तासाला तुम्ही आलेखाच्या कागदावर बिंदू मांडता, तेच हे. फक्त एक अक्ष जास्त आहे आणि पेन्सिलीच्या जागी पोलादी कटर आहे.

एक्स आणि वाय फोटोतून मिळतात, कारण फोटोला लांबी-रुंदी असते. झेड कुठून आणायचा? फोटोला खोली नसते. सगळी मेख इथेच आहे.

काळे म्हणजे खोल नव्हे

कृष्णधवल चित्रातील प्रत्येक ठिपक्याला संगणक ० ते २५५ मधला एक आकडा देतो. शून्य म्हणजे पूर्ण काळे, २५५ म्हणजे पूर्ण पांढरे. कोरीवकामाची साधी प्रणाली हाच आकडा उंची समजते. पांढरे ते वर, काळे ते खाली. सर्वांत खोल भाग ६ मिलिमीटर ठरवला, तर आजीच्या कपाळाचा आकडा समजा २०० आणि कुंकवाचा ४०. फरक १६०. त्याला २५५ ने भागून ६ ने गुणा. उत्तर येते सुमारे पावणेचार मिलिमीटर. आत्याचे बोट अडले तो खड्डा हाच!

त्यातून जुन्या फोटोंची आणखी एक गंमत आहे. पूर्वी सर्रास वापरात असलेल्या ऑर्थोक्रोमॅटिक जातीच्या फिल्मवर तांबड्या रंगाचा परिणाम होत नसे. त्यामुळे लाल कुंकू फोटोत जवळजवळ काळे उमटे. माणसाला ते पाहून कुंकू आठवते, यंत्राला मात्र खड्डा दिसतो.

मिशीचे उदाहरण घ्या. काळी मिशी असलेल्या गृहस्थांचा फोटो दिला तर ओठावर चर पडेल आणि पांढरी मिशी असली तर ती नाकाच्या बरोबरीने वर येईल. खरी मिशी काळी असो वा पांढरी, ओठापेक्षा थोडी वरच असते. लोकमान्य टिळकांचे ५ रुपयांचे नाणे २००७ साली निघाले. कुठे मिळाले तर त्यांच्या मिशीवरून नख फिरवून पाहा. ती वर आलेली लागेल, कारण नाण्यासाठी उठाव घडवणारा कारागीर रंग पाहत नाही, आकार पाहतो.

सावलीचेही तसेच. स्टुडिओत उजेड डावीकडून असेल तर डावा गाल पांढरा आणि उजवा काळसर येतो. यंत्र डावा गाल फुगवते आणि उजवा बसवते. थोडक्यात, फोटो ही उजेडाची नोंद आहे, उंचीची नव्हे. एकीचे दुसरीत भाषांतर करायला चेहरा ओळखणारा माणूस लागतो.

हे काही आजचे शहाणपण नाही. पॅरिसमध्ये फ्रांस्वा विलेम नावाच्या शिल्पकाराने १८६० साली फोटोवरून पुतळे बनवण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले. तो माणसाला गोल दालनात मधोमध बसवी आणि भोवतालच्या २४ कॅमेऱ्यांनी एकाच वेळी फोटो घेई. त्या २४ बाह्यरेषांवरून मातीचा पुतळा कापला जाई आणि शेवटचा हात माणसाचाच फिरे. एका फोटोत चेहऱ्याची खोली मावत नाही, हे त्याने तेव्हाच ओळखले होते.

शाळेच्या सहलीत तुम्ही सालारजंग संग्रहालयातील लाकडी जोडपुतळा पाहिला असेल. समोरून ऐटबाज मेफिस्टोफिलिस आणि मागच्या आरशात खाली मान घातलेली मार्गारेटा, दोन्ही एकाच ओंडक्यात. असे चौफेर शिल्प आपल्या तीन दिशांच्या यंत्राला जमत नाही. कटर वरून खाली येतो, कानामागे वळून जाऊ शकत नाही. म्हणून फोटोवरून होते ते उठावचित्र. नाण्यावरच्यासारखे, थोडक्या जाडीत दाबून बसवलेले.

मग योग्य रीत कोणती?

प्रथम मूळ फोटो स्कॅन करावा आणि जपून ठेवावा. कारखान्यात प्रत न्यावी, मूळ फोटो नेऊ नये. मग संगणकावर पार्श्वभूमी काढून टाकतात आणि चेहऱ्याचे भाग वेगळे करतात. नाकाचे टोक सर्वांत वर, मग हनुवटी, गालाची हाडे, कपाळ, शेवटी कान. प्रत्येक भागाला उंची माणूस देतो. कुंकू, भुवया, मिशी वेगळी रेखून किंचित वर उचलतात. असे तयार होते ते उंचीचे चित्र. तेही करडेच असते, पण त्यात पांढरे म्हणजे उजेड नसून खरोखर उंच. हल्ली एका फोटोवरून उंचीचा अंदाज बांधणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रणाली आल्या आहेत. त्यांनी काम बरेच सोपे होते, पण तो अंदाजच असतो. आपल्या आजीचे नाक तिने पाहिलेले नसते.

फोटोतील बारीक कण आधी पुसून घ्यावे लागतात, नाहीतर गालावर काटे उभे राहतात. वारंवार मोबाइलवरून पाठवलेली प्रत टाळावी. तिच्यात चौकोनी ठोकळे पडलेले असतात आणि लाकडात ते फरशीसारखे उमटतात.

आता वेळेचा हिशेब. फळी ३०० मिलिमीटर रुंद व ४०० मिलिमीटर उंच आहे. आधी जाड कटरने नको असलेले लाकूड काढतात. मग ३ मिलिमीटर व्यासाचा, गोल टोकाचा कटर ०.३ मिलिमीटर अंतराने उभ्या ओळी मारतो. ३०० भागिले ०.३ म्हणजे १००० ओळी. प्रत्येक ४०० मिलिमीटरची, म्हणजे एकूण ४०० मीटर. मिनिटाला २ मीटर वेग धरला तर २०० मिनिटे, म्हणजे तीन तास वीस मिनिटे. ओळींतले अंतर दुप्पट केले तर वेळ निम्मा होतो, पण ओळींमधल्या कडा चौपट उंच राहतात. घाई केली की पॉलिश पेपर घासत बसावे लागते आणि त्यात नाकाची धार जाते!

लाकूडही पाहून घ्यावे. सागाच्या ठळक रेषा लहान चेहऱ्यावर सुरकुत्यांसारख्या दिसतात. शिवण किंवा हळदू यांसारखे एकसारख्या पोताचे लाकूड चेहऱ्याला चांगले. आणि फळी अशा ठिकाणी लावावी की उजेड वरून किंवा बाजूने पडेल. फोटोत सावली छापलेली असते, लाकडात ती खोलीतल्या उजेडाने पडावी लागते. समोर ट्यूबलाइट असेल तर उत्तम काम सपाट दिसते.

ज्यांना हे शिकावेसे वाटते त्यांच्यासाठी आपल्याच शहरात बालानगरला १९६८ साली स्थापन झालेली सेंट्रल इन्स्टिट्यूट ऑफ टूल डिझाइन आहे आणि रायदुर्ग येथे २०२३ साली सुरू झालेले टी-वर्क्स आहे. मात्र चालू यंत्राजवळ मोठ्यांशिवाय जाऊ नये. डोळ्यांना चष्मा आणि नाकातोंडावर मास्क हवाच. लाकडाची बारीक धूळ फुप्फुसात जाते.

पुन्हा आजीकडे

दुसऱ्या खेपेस मी स्वस्त एम.डी.एफ.च्या तुकड्यावर लहान नमुना कोरून घेतला आणि आत्याकडे गेलो. तिने पुन्हा बोटे फिरवली. "नाक आईचं एवढं बसकं नव्हतं. आणि हनुवटी अंमळ पुढे होती." तसे दुरुस्त केले. तिसऱ्या नमुन्यावर तिचे बोट कपाळावर आले, वर उठलेल्या कुंकवावर क्षणभर टेकले आणि ती काहीच बोलली नाही. मग शिवणीची फळी कोरली. ती आज देवघराशेजारच्या भिंतीवर आहे.

ती दुरुस्ती कोणत्याही संगणकात नव्हती. ती आत्याच्या बोटांत होती आणि आणखी काही वर्षांनी ती कोठेच नसती.

म्हणून विश्वस्त मंडळाला एक नम्र सूचना. आपल्या सभागृहातल्या जुन्या तसबिरी फिकट होत चालल्या आहेत. त्या आधी स्कॅन करून घ्याव्यात आणि प्रत्येकीमागे नाव व साल लिहावे. कोरीवकाम पुढे केव्हाही करता येईल. पण ज्यांनी ती माणसे प्रत्यक्ष पाहिली आहेत, अशा ज्येष्ठ माजी विद्यार्थ्यांना एकदा बोलावून चेहऱ्यांविषयी विचारून ठेवावे. आणि मुलांनो, आज घरी गेलात की आजी-आजोबांना जुना अल्बम काढायला लावा. "हे कोण?" एवढे विचारा आणि ऐकत बसा. यंत्र थांबेल, माणसे थांबत नाहीत.