हौसेचं ड्रोन, परक्याचं आकाश

पूर्वी परदेशी निघालेल्या माणसाच्या गळ्यात कॅमेरा असायचा. मग खांद्यावर व्हिडिओ कॅमेरा आला, पुढे सगळंच मोबाइलमध्ये मावलं. आता घरातली कॉलेजात जाणारी लेक म्हणते, ‘‘बाबा, या वेळी ड्रोन घेऊन जाऊ या! आल्प्सच्या डोंगरांवरून काय झकास शूटिंग होईल!’’ बाबांनाही पटतं. पंख मिटले की तळहातावर मावणारी वस्तू, वजन पाव किलोच्या आत. चिवड्याच्या डब्याशेजारी सहज बसते. मग अडचण कसली?

अडचण एवढीच, की आपण ज्याला उडता कॅमेरा समजतो, त्याला बहुतेक देशांचे कायदे विमान समजतात. आणि काही देश तर हेरगिरीचं साधन!

अतिशयोक्ती वाटते? मे 2020 मध्ये एक फ्रेंच प्रवासी इराणमध्ये तुर्कमेनिस्तानच्या सीमेजवळ ड्रोन उडवल्यावरून पकडला गेला. हेरगिरीचा आरोप ठेवून जानेवारी 2022 मध्ये त्याला आठ वर्षांची शिक्षा ठोठावली गेली. गडी सुटला तो थेट मे 2023 मध्ये. म्यानमारमध्ये 2017 साली संसद भवनाजवळ ड्रोन नेलेल्या दोन परदेशी पत्रकारांना, त्यांच्या दुभाष्याला आणि (बिचाऱ्या!) ड्रायव्हरलाही दोन महिन्यांची कैद झाली. कायदा कोणता लावला ठाऊक आहे? 1934 सालचा, इंग्रजांच्या अमदानीतला विमान कायदा!

एवढ्या टोकाला सगळीकडे जात नाहीत, पण ड्रोन हातचं जाऊ शकतं. मोरोक्कोत 2015 पासून ड्रोन देशात आणायलाच बंदी आहे. विमानतळावरच ते काढून घेतात. पिरॅमिडवरून ड्रोन फिरवायचं स्वप्न बघणाऱ्यांनीही सावध व्हावं. इजिप्तमध्ये 2017 च्या कायद्यानुसार संरक्षण खात्याच्या परवानगीविना ड्रोन नेणं हा गुन्हा आहे. आपल्याकडची मंडळी हौसेनं जातात त्या भूतानमध्येही पूर्वपरवानगीवाचून पर्यटकाला ड्रोन उडवता येत नाही.

त्यामानाने युरोप सरळ. तिथे 31 डिसेंबर 2020 पासून सर्व सदस्य देशांना एकच नियमावली लागू झाली. स्वित्झर्लंड युरोपीय संघात नाही, पण 1 जानेवारी 2023 पासून त्यानेही तीच स्वीकारली. आपल्या लोकांची मोठी फसगत होते ती इथे. 250 ग्रॅमपेक्षा हलक्या ड्रोनला कुठेच काही लागत नाही, असं दुकानदार छातीठोकपणे सांगतो. ते अर्धसत्य आहे. हलक्या ड्रोनला परीक्षेतून सूट आहे खरी, पण त्याला कॅमेरा असेल तर उडवणाऱ्याची नोंदणी हवीच. आणि कॅमेरा नसलेलं ड्रोन घेऊन आल्प्समध्ये जाणार कोण? पहिल्यांदा ज्या देशात उडवणार, तिथे नोंदणी करायची. तोच क्रमांक पुढे बाकीच्या देशांत चालतो. तो ड्रोनवर चिकटवायचा, आपल्या गाडीच्या नंबरप्लेटसारखा. मग उंची 120 मीटरपर्यंत, गर्दीच्या डोक्यावर कधीच नाही, विमानतळ-हेलिपॅड-अभयारण्यांपासून लांब. आणि ड्रोन सतत डोळ्यांना दिसलं पाहिजे. मोबाइलच्या पडद्यावर दिसतंय म्हणून ते डोंगराआड धाडायचं नाही. दृष्टीआड सृष्टी इथे चालत नाही! पलीकडच्या दरीत पॅराग्लायडिंग करणारा माणूस असू शकतो, जखमी गिर्यारोहकाला आणायला निघालेलं हेलिकॉप्टर असू शकतं.

जपानची तऱ्हा आणखी वेगळी. तिथे मर्यादा 250 नव्हे, 100 ग्रॅमची! जून 2022 पासून त्याहून जड प्रत्येक ड्रोनची नोंदणी सक्तीची आहे. जपानी लोक इतके काटेकोर का झाले? एप्रिल 2015 मध्ये टोकियोत पंतप्रधानांच्या कार्यालयाच्या छतावर एक ड्रोन सापडलं. त्यावर किंचित किरणोत्सर्गी वाळू होती. अणुवीजविरोधी निदर्शकाचा तो उद्योग होता. त्याच वर्षी कायदा कडक झाला.

अमेरिकेत हौशी उडवणाऱ्यालाही एक छोटी चाचणी द्यावी लागते. फुकट आहे, घरबसल्या संगणकावर देता येते. पण लेकाकडे न्यू जर्सीला गेलेल्या आई-वडिलांना जिथे ड्रोन उडवावंसं वाटेल, ती राष्ट्रीय उद्यानं 2014 पासून ड्रोनला बंद आहेत. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये एका डच पर्यटकाचं ड्रोन यलोस्टोनमधल्या प्रसिद्ध रंगीबेरंगी गरम झऱ्यात पडलं. दंड आणि भरपाई मिळून तीन हजार डॉलरच्या वर भुर्दंड बसला त्याला!

पक्ष्यांचं नुकसान तर डॉलरमध्ये मोजताही येत नाही. मे 2021 मध्ये कॅलिफोर्नियातल्या बोल्सा चिका अभयारण्यात एक ड्रोन कुररी पक्ष्यांच्या वसाहतीत कोसळलं. सुमारे तीन हजार पक्षी घाबरून उडाले ते परतलेच नाहीत. मागे उरली दीड-दोन हजार अंडी. कोणाला पक्षी मारायचे नव्हते. पक्ष्यांना मात्र वरून शिकारी झेपावला असंच वाटलं.

माणसांचंही काही वेगळं नाही. समुद्रकिनाऱ्यावर पहुडलेल्या बाईच्या डोक्यावर गांधीलमाशीसारखं घोंघावणारं यंत्र येऊन थांबलं, तर तिला काय वाटेल? आपल्या गच्चीवर पापड वाळत घालताना कोणी असं केलं तर आपण काय करू, हे आठवावं म्हणजे झालं. हॉटेलच्या खिडक्यांसमोरून, परक्यांच्या मुलांवरून, प्रार्थनास्थळावरून ड्रोन न्यायचं नाही. आसपास कोणी असेल तर आधी विचारायचं. नको म्हटलं तर हसून खाली उतरवायचं, वाद घालायचा नाही. आमचं स्पष्ट मत, टूर कंपनीबरोबर चाळीस जणांच्या बसने जाणार असाल तर ड्रोन घरीच ठेवा. वीस मिनिटांच्या थांब्यात नकाशा बघून, परवानगी तपासून, माणसं टाळून ते उडवणं होत नाही; घाई मात्र होते.

नेणारच असाल तर निघण्याच्या आठवड्यात त्या देशाच्या विमान वाहतूक खात्याचे ताजे नियम पाहा, मित्राचा दोन वर्षांपूर्वीचा अनुभव नव्हे. जुलै 2025 मध्ये कंबोडियाच्या सीमेवर चकमकी सुरू झाल्या आणि थायलंडने देशभर ड्रोन उडवायला बंदी घातली. आदल्या महिन्यात तिथून झकास फिल्म घेऊन आलेल्याचा सल्ला काय कामाचा?

सुट्या बॅटऱ्या सामानाच्या मोठ्या बॅगेत टाकू नका. लिथियम बॅटरी पेट घेऊ शकते, म्हणून ती केबिन बॅगेतच, टोकांवर चिकटपट्टी लावून न्यायची. 100 वॉट-अवरपर्यंत वेगळी परवानगी लागत नाही. छोट्या ड्रोनची बॅटरी वीसच्या आतबाहेर असते.

आणि परतीचं काय? भाचा म्हणतो, ‘‘मावशी, इथलं नवं ड्रोन घेऊन जा, माझ्याकडून भेट!’’ घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं! भारताने फेब्रुवारी 2022 पासून परदेशी बनावटीच्या तयार ड्रोनच्या आयातीवर बंदी घातली आहे. संशोधन, संरक्षण अशा मोजक्या कारणांसाठीच सूट मिळते, भाच्याच्या प्रेमाला नाही. कस्टम्सच्या जाहीर करण्याच्या वस्तूंत ड्रोनचं नाव 2016 पासूनच आहे. ते लपवलं तर जप्ती आणि वर दंड.

आपलंच, इथूनच नेलेलं ड्रोन असेल तर जाताना विमानतळावर कस्टम्स अधिकाऱ्याला ते दाखवून एक्स्पोर्ट सर्टिफिकेट घ्यावं. त्यावर ड्रोनचा अनुक्रमांक लिहिला जातो. खरेदीची पावती बरोबर असू द्यावी आणि या कामासाठी तासभर आधी पोचावं. बॅग एकदा चेक-इनच्या पट्ट्यावरून आत गेली, की अधिकाऱ्याला दाखवायला हाती काहीच उरत नाही.