डिमेन्शिया आणि व्हीआर: हेडसेट नेमकं काय करतो?

आजचा विषय जरा हळवा आहे, पण आपण तो तंत्रज्ञानाच्या बाजूने बघू. डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश असलेल्या लोकांसाठी व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटीचा वापर. आजीला हेडसेट लावला आणि तिला सगळं आठवायला लागलं, असले व्हिडिओ तुमच्याही व्हॉट्सअ‍ॅपवर आले असतील. तर आधीच सांगून टाकतो: हेडसेटने डिमेन्शिया बरा होत नाही, थांबतही नाही. मी सॉफ्टवेअरवाला आहे, डॉक्टर नाही, पण एवढं नक्की.

मग हे करायचं कशाला? भारतात साठीच्या पुढच्या साधारण 88 लाख लोकांना डिमेन्शिया असल्याचा अंदाज आहे, म्हणजे शंभरात सात जण. यातले बरेच जण हळूहळू घरातच अडकतात. बाहेर नेलं तर हरवण्याची, पडण्याची भीती. जग एका खोलीएवढं होतं.

इंग्लंडमध्ये नॉर्थॅम्प्टनला सेंट अँड्र्यूज हेल्थकेअर नावाचं मानसोपचार रुग्णालय आहे. केंट विद्यापीठाच्या संशोधकांनी 2019 मध्ये तिथला एक छोटा अभ्यास मांडला. बंद वॉर्डमधले, डिमेन्शिया असलेले आठ रुग्ण, वय 41 ते 88. (हो, 41. हा फक्त म्हातारपणाचा आजार नाही.) सगळी मिळून 16 सेशन झाली. हेडसेट लावला की पाचपैकी एका जागी 'जाता' यायचं: कॅथेड्रल, जंगल, वाळूचा किनारा, खडकाळ किनारा किंवा गावाकडचा भाग. एका रुग्णाला व्हिडिओतला पूल बघून जुन्या सहलीतला पूल आठवला. आणखी एकाने नंतर चित्रकलेच्या तासाला बसून समुद्रकिनारा काढला. मला ही दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते, कारण ती हेडसेट काढल्यानंतरची आहे.

यामागची कल्पना जुनी आहे. अल्झायमरमध्ये मेंदूतल्या हिप्पोकॅम्पसला लवकर मार बसतो. तिथे नव्या आठवणी साठवण्याचं काम चालतं. म्हणून सकाळचा चहा आठवत नाही, पण कॉलेजातल्या वयाच्या आठवणी बऱ्याच काळ टिकतात. रॉबर्ट बटलर या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञाने 1963 मध्ये म्हातारपणी आयुष्याकडे मागे वळून बघण्याचं महत्त्व मांडलं. त्यातूनच पुढे जुने फोटो, गाणी, वस्तू दाखवून माणसाला बोलतं करायची पद्धत रुळली. व्हीआर म्हणजे त्याच पद्धतीचं नवं साधन.

पण एक फरक पडतो. फोटो दाखवताना आपण काय विचारतो? "आई, हे कोण सांग बघू?" म्हणजे परीक्षाच झाली, आणि आई नापास होणार हे दोघांनाही माहीत असतं. हेडसेट लावल्यावर प्रश्न बदलतो: "आई, काय दिसतंय तुला?" आता माहिती तिच्याकडे आहे, आपल्याकडे नाही. ती सांगते, आपण ऐकतो. माझ्या मते खरी थेरपी असेल तर ती इथे आहे, आणि म्हणून शेजारी माणूस न बसता नुसता हेडसेट चढवून देण्यात काही अर्थ नाही.

आता तांत्रिक बाजू. डोकं वळवल्यावर चित्र साधारण 20 मिलिसेकंदांच्या आत वळलं नाही तर मळमळायला लागतं. डोळे म्हणतात हललो, कानातलं तोल सांभाळणारं इंद्रिय म्हणतं बसलोय. म्हणून चालत्या गाडीतून घेतलेले व्हिडिओ नकोत, एका जागी ठेवलेल्या कॅमेऱ्याचे 360 डिग्री व्हिडिओ बरे. खुर्ची हात असलेली, न फिरणारी. हेडसेटचं वजन अर्धा किलोच्या आसपास असतं, वर चष्मा आणि श्रवणयंत्र, त्यामुळे सुरुवातीला पाच मिनिटं पुष्कळ. कंट्रोलर हातात देऊच नका. अमेरिकेतल्या रेंडेव्हर कंपनीच्या सिस्टीममध्ये सगळे हेडसेट बाहेरच्या एका टॅबलेटवरून चालतात आणि सगळ्यांना एकच दृश्य दिसतं, म्हणजे नंतर गप्पांना विषय मिळतो.

कंटेंटचा प्रश्न मोठा आहे. ब्रिटनमध्ये 'द वेबॅक' नावाच्या प्रकल्पाने 1953 च्या राज्याभिषेकाच्या दिवसाची गल्लीतली पार्टी कलाकार घेऊन पुन्हा उभी केली. लालबागच्या चाळीत वाढलेल्या आजोबांना ती दाखवून काय उपयोग? त्यांना गिरणीचा भोंगा हवा, चाळीची गॅलरी हवी. तुम्ही म्हणाल, 360 कॅमेरा घेऊन त्यांच्या गावीच जाऊन येतो. जा, पण जुना वाडा पाडून तिथे टॉवर झाला असेल तर ते दाखवू नका.

धोकाही आहे. काहींना आपण खरंच तिथे आहोत असं वाटतं, मग हेडसेट काढल्यावर गोंधळ, कधी रडू. कधी नको ती आठवण वर येते. म्हणून परवानगी दर वेळी घ्यायची. काल हो म्हणाले होते, हे आज चालत नाही. तोंडाने सांगता येत नसेल तर हाताकडे बघा. हात हेडसेटकडे गेला की लगेच थांबायचं.

आणि आठ माणसांच्या अभ्यासावरून महागडं पॅकेज विकायला कोणी आलं, तर घाई नको. आधी फोनवर एखादा 360 व्हिडिओ लावा, फोन त्यांच्या हातात द्या, शेजारी बसा आणि विचारा, काय दिसतंय. तेवढ्यावर गप्पा सुरू झाल्या, तर हेडसेटचा विचार पुढच्या महिन्यात केला तरी चालेल.