अमेरिकेचे बदलते मतदार : गैरसमज आणि वस्तुस्थिती

अमेरिकेत २०२० च्या जनगणनेत बिगर-लॅटिनो गोऱ्यांचा वाटा ५८ टक्क्यांच्या खाली आला आणि लॅटिनोंचा १९ टक्क्यांच्या जवळ पोहोचला. अध्यक्षपदाच्या निवडणुकीवर या बदलाचा परिणाम होतोच; पण तो कसा होतो, याविषयी काही गैरसमज रूढ आहेत.

गैरसमज : अल्पसंख्याक वाढले की डेमोक्रॅटिक पक्षाचा विजय पक्का.
वस्तुस्थिती : मतदानोत्तर चाचण्यांनुसार २०१२ मध्ये सुमारे ७१ टक्के लॅटिनो मते डेमोक्रॅटिक उमेदवार बराक ओबामांना मिळाली. २०२४ मध्ये त्याच पक्षाच्या कमला हॅरिस यांच्या वाट्याला निम्म्याहून जेमतेम अधिक आली. टेक्सासच्या स्टार काउंटीत सुमारे ९७ टक्के रहिवासी लॅटिनो आहेत. तिथे २०१६ मध्ये डेमोक्रॅटिक उमेदवार हिलरी क्लिंटन यांना ७९ टक्के मते पडली होती. २०२४ मध्ये तीच काउंटी डोनाल्ड ट्रम्प यांनी जिंकली. १८९२ नंतर तिथे रिपब्लिकन उमेदवार प्रथमच पुढे राहिला.

गैरसमज : एका वंशाचे लोक एकगठ्ठा मतदान करतात.
वस्तुस्थिती : व्हरमाँट आणि वेस्ट व्हर्जिनिया या दोन्ही राज्यांत गोऱ्यांचे प्रमाण ९० टक्क्यांच्या आसपास आहे. तरीही २०२४ मध्ये पहिल्याने हॅरिस यांना, तर दुसऱ्याने ट्रम्प यांना मोठे मताधिक्य दिले. शिक्षण, धर्म आणि शहर-खेडे यांतील फरक मतावर ठसा उमटवतो. लॅटिनोंमध्येही फ्लोरिडातील क्यूबन मतदारांचा कल अनेक दशके रिपब्लिकनांकडे राहिला आहे.

गैरसमज : लोकसंख्या वाढली, म्हणजे तेवढे मतदार वाढले.
वस्तुस्थिती : मतदानाचा हक्क १८ वर्षे पूर्ण केलेल्या नागरिकांनाच आहे, आणि बहुतेक सर्व राज्यांत आधी नोंदणी करावी लागते. जनगणनेत मात्र सर्व रहिवासी मोजले जातात. न्यू जर्सीत एच-१बी या कामाच्या तात्पुरत्या व्हिसावर राहणाऱ्या मराठी कुटुंबाला मत देता येत नाही. पण राज्याच्या वाट्याला अध्यक्ष निवडणारे किती निर्वाचक यायचे, हे ठरवताना त्या कुटुंबाचीही गणती होते. २०२० च्या जनगणनेनंतर टेक्सासचे निर्वाचक ३८ वरून ४० झाले, तर कॅलिफोर्नियाचे ५५ वरून ५४ वर आले.

गैरसमज : ज्याला देशभरात जास्त मते, तो अध्यक्ष.
वस्तुस्थिती : विजयासाठी ५३८ पैकी २७० निर्वाचक लागतात. मेन आणि नेब्रास्का वगळता प्रत्येक राज्याचे सर्व निर्वाचक तिथल्या विजेत्यालाच मिळतात. २०१६ मध्ये क्लिंटन यांना सुमारे २९ लाख मते जास्त पडूनही त्या हरल्या. कॅलिफोर्नियात लाखभर मते वाढली तरी जिंकलेल्या पक्षाचा एकही निर्वाचक वाढत नाही. याउलट २०२० मध्ये ॲरिझोनाचे ११ निर्वाचक अवघ्या १०,४५७ मतांच्या फरकाने जो बायडेन यांच्याकडे गेले.

म्हणून मतदारांच्या बदलत्या रचनेवरून भाकीत करताना एखादा गट किती वाढला, एवढे पाहून भागत नाही. तो कोणत्या राज्यात वाढला, त्यातले किती जण मतदानाला उतरतात आणि त्यांचा कल टिकून आहे का, हेही तपासावे लागते.